लहान मुलांचा पहिला धबधबा: कुठला, कधी आणि कसा?

रेवतीपुणे
नमस्कार मंडळी. घरात दोन मुलं आहेत, एक साडेतीन वर्षांचं आणि एक सहा वर्षांचं. चित्रांच्या पुस्तकातला धबधबा दोघांना पाठ आहे, खरा अजून दाखवायचाय. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल असा हवा. प्रश्न असे:
– साडेतीन हे वय लवकर आहे का?
– पहिल्याच खेपेला मुलांना धबधब्याखाली भिजू द्यावं का?
– कपडे, बूट, खाणं यांची तयारी काय करावी?
माझं मत असं, की मोबाइलवर हजार धबधबे पाहण्यापेक्षा एका धबधब्याचे तुषार तोंडावर आलेले बरे. पण पावसाळ्यातल्या बातम्या वाचून जीव घाबरतो. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सह्यपायी
साडेतीन हे वय लवकर नाही. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: बघायचा धबधबा वेगळा आणि भिजायचं पाणी वेगळं. बहुतेक पालक या दोन गोष्टी एकाच जागी शोधतात आणि तिथेच घोळ होतो.

मोठा धबधबा पलीकडच्या कड्यावरून किंवा कठडा असलेल्या सज्जातून दाखवावा. ठोसेघर त्यासाठी उत्तम. दरीच्या पलीकडे धार आणि अलीकडे कठड्यामागे आपण, अशी रचना आहे. लहान मुलांना त्याची उंची तिथूनच कळते. धारेच्या पायथ्याशी उभं राहिलं तर मुलाला दिसतं ते फक्त पांढरं पाणी आणि मोठ्यांचे पाय.

भिजायला मात्र सपाटीवरचा, घोट्याएवढ्या पाण्याचा ओहोळ शोधावा. त्याच्या खालच्या अंगाला शंभर पावलांत कडा, कुंड किंवा मोठा ओढा नको. पाय घसरून मूल वाहिलंच, तर ते कुठे जाऊन थांबेल, हे आधी स्वतः चालत जाऊन बघून यायचं आणि मगच बूट काढू द्यायचे.

घाटवळण
थोडा असहमत. धबधब्याखाली उभं राहिल्याशिवाय धबधबा कळतो का? कठड्यामागून बघायचं तर मग चित्रांचं पुस्तक काय वाईट? घाटरस्त्याच्या कडेला पाच-सात फुटांवरून पडणाऱ्या बारीक धारा असतात, तिथे मुलं मस्त भिजतात. ताम्हिणीत अशा कितीतरी आहेत.

सह्यपायी
@घाटवळण, बारीक धारेखाली भिजण्याला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी तपासा. धार कुठून येते हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. वर शंभर फुटांचा उतार असेल आणि आपल्याला फक्त शेवटचे सात फूट दिसत असतील, तर वरून दगड सुटला की तो थेट डोक्यावर येतो. दहा मीटरवरून पडणारा सुपारीएवढा दगड खाली पोचेपर्यंत ताशी ५० किमीच्या आसपास वेग घेतो. पावसाळ्यात माती सैल असते, वर माकडं आणि गुरं फिरतात, त्यामुळे दगड सुटायला कुणी मुद्दाम ढकलावं लागत नाही.

दुसरं, रस्त्याची कड. ताम्हिणीत शनिवार-रविवारी मूल धारेखाली आणि गाड्या त्याच्या चार फुटांवर, असं चित्र असतं. वर धुक्यात चालकाला काही दिसत नाही. रस्त्याकडेचीच धार हवी असेल तर आठवड्यातला मधला वार आणि सकाळी आठच्या आतली वेळ गाठा.

आणि कुंडाबद्दल. धार जिथे पडते तिथलं पाणी फेसाळ असतं, म्हणजे त्यात हवा मिसळलेली असते. अशा पाण्यात शरीर नेहमीपेक्षा कमी तरंगतं. शिवाय पडणारी धार पाणी खाली दाबते आणि तळाशी गेलेलं पाणी फिरून पुन्हा धारेकडेच येतं. पोहता येणारी मोठी माणसंही त्यात अडकतात ती यामुळेच. लाइफ जॅकेटचाही तिथे पुरता भरवसा नाही. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या टायरचं तर नावच नको.

दादा_वैभववाडीकर
आमच्याकडे जुनी माणसा सांगतत, व्हाळाक लाल पाणी इला काय पोरांका काठार पण सोडूचा नाय. पाऊस डोक्यार नसलो तरी वर सड्यार पडत असता.

(बाकीच्यांसाठी: व्हाळ म्हणजे ओढा, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार. तिथे पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ व्हाळात उतरतं.)

नाधवड्याजवळचा नापणे धबधबा बारमाही आहे, उंचीने फार नाही, आता तिथे काचेचा पूलही झालाय. पुण्याहून एका दिवसात जमणार नाही, पण गणपतीला कोकणात येणाऱ्यांनी मुलांना दाखवावा. पाणी कमी असतं तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर, जास्त चांगला. खालच्या डोहात मात्र उतरवू नये.

बालवाडीताई
या वयाच्या मुलांबाबत एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती म्हणजे आवाज. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पाण्याची भीती कमी आणि त्या गर्जनेची जास्त वाटते. गाडीतून उतरवून थेट धारेसमोर नेलं की मूल रडतं, आई-बाप "काही नाही, बघ किती छान" म्हणत आणखी पुढे नेतात, आणि मग पुढची दोन वर्षं ते मूल धबधब्याचं नाव काढू देत नाही.

तीन थांबे घ्यावेत. पहिला, जिथे आवाज येतो पण धबधबा दिसत नाही. तिथे उभं राहून विचारायचं, "हा कसला आवाज? कुठून येतोय?" बोट दाखवू द्यायचं. दुसरा, जिथून लांबून पांढरी रेघ दिसते. तिथे बसून खाऊ खायचा, दहा मिनिटं तरी. तिसरा, जिथे तुषार तोंडावर येतात. तिसऱ्या थांब्याला मूल "नको" म्हणालं तर त्या दिवशी दुसरा थांबाच शेवटचा. कडेवर घेऊन बळेच पुढे जाऊ नये.

घरी आधी तयारी करता येते. न्हाणीघरात तांब्यातलं पाणी हातभर उंचीवरून बादलीत ओतायचं, मग स्टुलावर उभं राहून ओतायचं. आवाज का बदलला, शिंतोडे लांब का गेले, हे सहा वर्षांचं मूल स्वतः सांगतं. पन्हळीखाली पावसात उभं करणं हीसुद्धा चांगली पहिली पायरी आहे.

निंबोणी
वा ताई, तीन थांबे फार आवडले. वाचनखूण साठवली.

कपड्यांचं मी लिहिते.

जीन्स आणि जाड सुती कपडे नकोत. भिजले की जड होतात आणि अंगाला गार चिकटून राहतात. पातळ पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि तशीच पॅन्ट बरी. रंग भगवा, पोपटी किंवा गडद गुलाबी. निळा, पांढरा, करडा नको, फेसाळ पाण्यात आणि धुक्यात मूल दिसतच नाही.

पायघोळ पोंचो पायात अडकतो. गुडघ्यापर्यंतचा रेनकोट घ्यावा. टोपी घट्ट असेल तर मुलाला ना बाजूचं दिसतं, ना हाक ऐकू येते, त्यामुळे चालताना टोपी मागे आणि डोक्याला साधी कॅप. छत्री मोठ्यांनीही घेऊ नये, दोन्ही हात मोकळे लागतात.

गमबूट नकोत. पाणी आत शिरलं की प्रत्येक बूट किलोभर होतो. मागे पट्टा असलेली, खाचांचा रबरी तळ असलेली सँडल चांगली. तळ नखाने दाबून बघा, थोडा दबला पाहिजे. कडक प्लास्टिकचा तळ ओल्या कातळावर सरळ घसरतो.

कोरड्या कपड्यांचे दोन जोड, तेही दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि त्यातला एक गाडीतच ठेवायचा. सॅक पाण्यात पडली तर दोन्ही जोड एकदम भिजतात, म्हणून.

घाटवळण
निंबोणी, तुमची सॅक मोठ्या ट्रेकच्या तोडीची आहे :)

डायपरचं काय करतात कुणी सांगेल का? साडेतीन वर्षांच्या मुलाला नसेल लागत, पण त्याहून लहान असतात बरोबर.

डॉ_अनघा_बाल
साधा डायपर पाण्यात गेला की फुगून लोंबतो आणि मुलाला चालता येत नाही. पाण्याजवळ साधी चड्डी घालावी, बाहेर आल्यावर डायपर. वापरलेला डायपर दुहेरी पिशवीत घरी परत आणायचा. दगडाखाली खोचून ठेवलेले डायपर पुढच्या पावसात खालच्या गावाच्या पाण्यात जातात. शी-शूसाठी ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर तरी लांब जावं.

आता थंडीचं. लहान मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने अंगाचा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा खूप लवकर गारठतात. घाटमाथ्यावर वारा असतो, त्यात आणखी भर. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे, मूल "अजून थोडं" म्हणत असलं तरी. ओठ निळसर झाले, दात वाजायला लागले की लगेच बाहेर. कुडकुडणं आपोआप थांबलं आणि मूल सुस्त झालं, तर "आता बरं वाटतंय" असा अर्थ लावू नये, ते जास्त गारठल्याचं लक्षण आहे. ओले कपडे सगळे काढायचे, डोकं आधी पुसायचं, कोरड्या कपड्यांत गुंडाळून छातीशी घ्यायचं, शुद्धीवर असेल तर कोमट गोड काही पाजायचं. थर्मासात कोमट दूध किंवा सूप ठेवा. उकळतं नको, हलत्या गाडीत भाजतं.

ओढ्याचं पाणी पिऊ देऊ नये, कितीही स्वच्छ दिसलं तरी. पायाला जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात सोडूच नये. गुरांच्या आणि उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि जंतू जखमेतून शिरतात. सहलीनंतर महिनाभरात ताप आला, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, तर "मूल ओढ्यात खेळलं होतं" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्या मनाने गोळ्या देऊ नका.

जळवा: आंबोली, कोयना भागात हमखास. नखाने तिचं तोंड त्वचेपासून बाजूला सरकवायचं, मग दुसरं टोक. मीठ, तंबाखू, काडी काही नको, ती पोटातलं जखमेत ओकते. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरण्यासारखं नसतं. मूल आपल्या चेहऱ्याकडे बघून रडतं, म्हणून चेहरा शांत ठेवा.

रेवतीपुणे
डॉक्टर, खूप आभार. पाणी वाढतंय हे नेमकं कसं ओळखायचं? दादांनी लाल पाण्याचं लिहिलंय, पण पावसाळ्यात सगळंच पाणी गढूळ नसतं का?

सह्यपायी
नसतं. दाट जंगलातून येणारा ओढा पाऊस थांबल्यावर काही तासांत नितळ होतो. बघायचा तो बदल. गेल्यावर दिसलेलं पाणी आणि आत्ताचं पाणी, यांत फरक पडला का?

पोचल्या-पोचल्या पाण्याच्या कडेला एक ओळखू येईल असा दगड ठेवा, बरोबर पाणी लागतं तिथे. दर पाच मिनिटांनी बघा. दगड बुडायला लागला की सामान गोळा न करता मुलांना घेऊन वर जायचं. ओढ्याच्या कडेकडेने खाली पळायचं नाही, काठ चढून उंचावर जायचं. सहा वर्षांच्या मुलाला हे काम द्या. फार मनापासून करतं आणि आयुष्यभर विसरत नाही.

बाकी खुणा: नितळ पाणी अचानक चहाच्या रंगाचं होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणं, आवाज जाड होणं, दगडांचा गडगडाट ऐकू येणं, वरच्या डोंगरावर काळा ढग बसलेला असणं. यांतली एक जरी दिसली तरी निघा. लोंढा यायला कधी पंधरा मिनिटं लागतात, कधी एक.

वेग मोजायचा तर पान सोडा. पाच मीटर अंतर पावलांनी मोजा, दोन टोकांना दोघं उभे राहा. पान पाच सेकंदांच्या आत पोचलं, तर त्या पाण्यात लहान मूल घोट्याच्या वर उतरवू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो, त्यामुळे डोळ्यांना "थोडंच वाढलंय" वाटतं तेव्हा पायाखालून मूल निघून गेलेलं असतं.

पाणलोट
सह्यपायींना अनुमोदन. एक भर: धरणाच्या खालचे धबधबे वेगळे असतात. भंडारदऱ्याचा अंब्रेला फॉल विल्सन धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, आणि खाली प्रवरेवरच्या रंधा धबधब्याचं पाणीही विसर्गावर अवलंबून. तिथे आभाळ निरभ्र असताना पाणी वाढू शकतं. भोंगा वाजला की पात्राबाहेर. दोन्ही ठिकाणं बघायला सुंदर आहेत, मुलांना दाखवावीत, पण पात्रात उतरवू नयेत.

जुईच्या_बाबा
सगळं वाचलं. तरी माझं स्पष्ट मत: पाच वर्षांखालच्या मुलांना जुलैमध्ये कुठल्याही धबधब्यावर नेऊ नये. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. ती प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभी होती आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढलं. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, पूर्वी कलम १४४ खाली. लोक ते "पोलिसांचा त्रास" समजतात. मुलं बरोबर असताना बंदी असलेल्या जागी जाणं हा गुन्हा तर आहेच, पण आपण मुलांना काय शिकवतोय हाही प्रश्न आहे.

घाटवळण
हे मात्र मान्य. बंदी असेल तर विषय संपला.

सह्यपायी
@जुईच्या_बाबा, जुलैबद्दल सहमत. मधल्या खडकाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. फोटोसाठी मूल पाण्याच्या मधोमध उभं करतात. काठ एकाच बाजूला आणि हाताच्या अंतरावर असेल तिथेच मूल हवं.

सरसकट नको मात्र म्हणणार नाही. माझ्या मते लहान मुलांसाठी धबधब्याचा खरा मोसम श्रावणाच्या उत्तरार्धापासून. आर्द्रा-पुनर्वसूच्या मुसळधार पावसात कातळ, रस्ते, दरडी सगळंच बेभरवशाचं. ऑगस्टच्या मध्यानंतर ऊन-पाऊस सुरू होतो, धारांना पाणी भरपूर असतं आणि धबधबा दिसतोही. जुलैमध्ये आंबोलीला बऱ्याचदा धुकंच दिसतं, धबधबा फक्त ऐकू येतो. हस्ताच्या पावसात सावध राहावं, दुपारनंतर गडगडाटी सरी येतात आणि सकाळचा शांत ओढा चार वाजता ओळखू येत नाही. म्हणून सप्टेंबर-अखेर गेलात तर दुपारी एकला पाण्यापासून लांब. हवामान खात्याचा त्या जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर जायचंच नाही. जिल्हा पाहताना धबधब्याचा पाहा, आपल्या घराचा नाही.

मृदगंध७
अवांतर: मुलांना परत आल्यावर विचारा काय आवडलं, दहातली आठ म्हणतील भाजलेलं कणीस :)

निंबोणी
:) अगदी. पण कणीस हातात घेऊन आंबोलीत फिरू नये. माकडं थेट मुलाच्या हातातून घेतात आणि त्या झटापटीत मूल कठड्याकडे ढकललं जातं. खाणं गाडीत किंवा टपरीच्या आत. शेंगदाण्याचा लाडू, थालीपीठ, उकडलेलं रताळं हे ओल्या हातांनीही खाता येतं. घाटात गाडी लागणाऱ्या मुलांना निघताना दूध देऊ नका, चार घास पोहे द्या.

कातळखूण
सहा वर्षांच्या मुलाला "धबधबा इथेच का?" हा प्रश्न पडला पाहिजे, म्हणून थोडं वेगळं लिहितो.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. काही थर टणक, काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले आणि ठिसूळ, मधेमधे लाल मातीसारखा पट्टा. पाणी ठिसूळ थर आधी झिजवतं, टणक थर वर छज्ज्यासारखा राहतो, आणि पाणी त्यावरून उडी मारतं. ठोसेघरच्या समोरच्या कड्यावर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. मुलाला ते मोजायला लावा, वाळूत नकाशा काढल्यासारखं बोट फिरवत. पट्टा बदलतो तिथे झाडांची ओळही बदलते, कारण पाणी थरांच्या सांध्यातून पाझरतं.

आणि उन्हाळ्यात निघोजला न्या, पारनेर तालुक्यात, कुकडीच्या पात्रात. रांजणखळगे बघायला. पाण्याबरोबर गोल फिरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळात खोल रांजण कोरलेत. धबधब्याखालचं कुंड आतून कसं असतं आणि त्यात पडलेलं माणूस सहज का वर येत नाही, हे मूल तिथे न सांगता समजतं. खळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात, हात धरूनच ठेवा.

ओरेगनची_मंजू
कातळखूण, इथे अमेरिकेत, ओरेगनमध्येही तशीच गोष्ट आहे! सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कमध्ये दहा धबधब्यांची एक पायवाट आहे. वर लाव्ह्याचा टणक थर, खालचा मऊ थर झिजून मोठी कपार झालेली. साउथ फॉल्सच्या मागून, म्हणजे धारेच्या आतल्या बाजूने चालत जाता येतं, वाट रुंद आणि कठड्याची. हा लाव्हा सह्याद्रीपेक्षा पुष्कळ तरुण, दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. सुट्टीत भारतात येणाऱ्या मुलांना दोन्हीकडचे थर जोडून दाखवले की त्यांना फार गंमत वाटते. पूर्ण वाट अकरा-बारा किमी आहे, लहानांसाठी फक्त साउथ फॉल्सचा तुकडा पुरे.

शीळवाला
कानांसाठी आणखी एक. धबधब्याजवळ पहाटे-सकाळी माणसाने शीळ घालावी तसा सूर ऐकू आला तर तो शीळकरी कस्तूर. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ, आणि घरटं बऱ्याचदा धारेजवळच्या किंवा धारेमागच्या कपारीत. मुलांना सांगा, पण कपारीत शोधायला जाऊ नका. सप्टेंबरात ओल्या कातळावर तेरडा, सोनकी, आणि जांभळी चिमुकली सीतेची आसवं. तोडायची नाहीत, गुडघ्यावर बसून बघायची. छोट्या ओहोळात दगड उचलला तर खेकडा सापडेल. दगड होता तसाच ठेवायला शिकवा. आंबोलीत झुडपांना हात लावू देऊ नका, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत दिसत नाही.

अंशुमन_कोल्हापूर
सगळ्यांनी छान लिहिलंय. हात कसा धरायचा, हे राहिलं. बोटं धरू नका, ओली बोटं सटकतात. मनगट धरा. एका मुलामागे एक मोठं माणूस, नावासकट ठरवलेलं, "सगळे बघतायत" असं नको. फोटो काढणारा माणूस राखणदारीत मोजायचा नाही. आणि एक मोठं माणूस पूर्ण वेळ कोरडं, काठावर, हातात पंधरा मीटर दोरी आणि तिच्या टोकाला बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. कॅन तरंगतो, लांब फेकता येतो. कुणी वाहत असेल तर दोरी फेकायची, मागून उडी मारायची नाही.

मुलाला पोटाशी बांधायची कॅरियर घेऊन पायऱ्या उतरू नये, आपलेच पाय दिसत नाहीत.

डॉ_अनघा_बाल
त्यालाच जोडून. पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढायचा प्रयत्न करू नका, उलटं धरून हलवू नका, त्यात वेळ जातो आणि ओकारी फुप्फुसात जाते. पाठीवर झोपवून, डोकं किंचित मागे करून आधी तोंडाने पाच श्वास द्या, छाती वर येते का बघत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मध्यावर दाब, ३० दाब आणि २ श्वास, न थांबता. दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. पुष्कळ धबधब्यांवर रेंज नसते, त्यामुळे येताना शेवटची रेंज कुठे होती हे लक्षात ठेवा. आणि मूल लगेच शुद्धीवर आलं तरी रुग्णालयात न्यायचंच. पुढच्या काही तासांत श्वासाचा त्रास वाढू शकतो. हे वाचून येत नाही, एकदा प्रशिक्षण घ्या.

गोवेकर_शाम
गोव्यातून: सांखळीजवळचं हरवळे मुलांना दाखवायला सोपं. रुद्रेश्वराच्या देवळाजवळ पायऱ्या उतरल्या की समोर धबधबा. पायऱ्यांवरच थांबायचं, कुंडात नाही. दूधसागर बघायचा तर रेल्वेतून. दुपारी वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस कुळे ते कॅसलरॉक चढताना अगदी समोरून जाते. तिथे उतरायला आणि रुळांवरून चालायला रेल्वेची बंदी आहे. लहान मुलांना गाडीच्या खिडकीतून धबधबा, हे मला तरी सर्वांत सुरक्षित वाटतं.

बालवाडीताई
खिडकी छान, पण दार नको. दारात मूल घेऊन उभे राहणारे पुष्कळ असतात.

रेवतीपुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: सप्टेंबरचा दुसरा आठवडा, मधला वार, पहिला धबधबा ठोसेघर, तोही कठड्यामागून. शेवटचा प्रश्न. बरोबर कास जोडावं का? आणि भिजायचं पाणी तिथे कुठे?

सह्यपायी
कास जोडू नका. हंगामात ऑनलाइन नोंदणी लागते, दोन्ही रस्ते साताऱ्याहून वेगळे फुटतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल एका दिवसात एवढं गाडीत बसत नाही.

पुण्याहून सहाला निघा, साताऱ्यात नाश्ता, बोगद्यातून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघर. गाडीतळापासून सज्जापर्यंत पायऱ्या आहेत, ओल्या असतात, तिथे मनगट. ताईंचे तीन थांबे याच वाटेवर जमतात: आवाज पायऱ्यांवर, रेघ झाडांतून, तुषार वाऱ्याची दिशा असेल तर सज्जात. भिजायला ठोसेघरला पात्रात उतरू नका, वरची बाजूही नाही, तिथून पाणी सरळ कड्याकडे जातं. पहिल्या खेपेला सज्जातले तुषार आणि येणारी सर एवढं भिजणं पुरे.

निंबोणी
आणि तिथून पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, वीसेक मिनिटांवर. गेल्यावर मुलांचे कपडे आधी गाडीतच बदला. पठारावर वारा फार असतो, ओल्या अंगाने उतरवू नका.

कातळखूण
पठारावर गेलात की मोठ्याला विचारा, हे सगळं पाणी आता कुठल्या बाजूला जाणार. डबक्यातून निघणारी एखादी बारीक ओघळ त्याला बोटाने दाखवता येईल.